शववाहिका चार्जिंगला लावली आहे

मामा : …तर तो मॉलचा पहारेकरी खिडकीत वाकून मला विचारतो, "गाडीत किती जण?" मी म्हटलं, "दीड."

हेडक्लार्क : दीड?

मामा : मी एक पूर्ण, आणि मागचे अर्धे. त्यांना पूर्ण धरा म्हणून कुणी उठून सांगितलं असतं तर मी धरलं असतं, माझं काय जातंय? त्याने निमूटपणे टोकन दिलं आणि वर म्हणाला, "सिनेमाला जायचं असेल तर लिफ्टने चौथा मजला. घाई करा, सुरू होतोय."

हेडक्लार्क : मामा, पुरे आता. मॅडमना काम आहे. पाच वाजता यादी पाकिटात घालून, लाख लावून मोठ्या साहेबांकडे जायची आहे, आणि सव्वाचार तर इथेच वाजले. तुम्ही शववाहिकेचे ड्रायव्हर. तुमचं खातं तळमजल्यावर. हा चार्जिंग कक्ष आहे.

मामा : अहो, म्हणून तर तीन जिने चढून आलो. माझी गाडी आता डिझेल पीत नाही, वीज खाते. तळमजल्यावर गेलो तर ते म्हणाले, "चार्जिंगचं ना? वर जा." मी म्हटलं, वर जायच्या रांगेत मागचे लोक माझ्या आधी आहेत, पण ठीक आहे, जातो.

मॅडम : बोलू द्या त्यांना.

हेडक्लार्क : मॅडम, हे एकदा सुरू झाले की—

मॅडम : बोलू द्या. मी नुसती टिकल्यांकडे बघत बसले आहे. बोला मामा, काय हवंय?

मामा : तुमच्या मागे तो शहराचा नकाशा आहे. त्यावर लाल टिकल्या आहेत, मघापासून मोजतोय, बारा. त्यातली एक उचलायची आणि स्मशानाच्या फाटकाशी चिकटवायची. बस. एवढंच घेऊन आलो, आणि एवढंच घेऊन जाणार.

हेडक्लार्क : स्मशानात चार्जिंग स्टेशन! वर्तमानपत्रवाले चार दिवस आपल्यावर जगतील.

मामा : जगू देत की. त्या परिसरात कुणीतरी जगतंय हे बरंच आहे.

मॅडम : डेपोत चार्जर आहे ना तुम्हाला?

मामा : आहे. रात्रभर लावतो, सकाळी शंभर टक्के भरून निघतो. पण डेपो शहराच्या या टोकाला आणि स्मशान त्या टोकाला. त्यात मागे ती थंड पेटी, ती गाडीच्याच बॅटरीवर चालते. दोन फेऱ्या झाल्या की काटा वीसवर. तिसरी फेरी आली की आम्ही शहरभर प्लग शोधत हिंडतो. जुनी डिझेलची होती ना मॅडम, तिला डिझेल नुसतं लांबून दाखवलं तरी दोन गावं पळायची. एकदा तर टाकी गळून गेली होती आणि आम्हाला पत्ता नाही. नऊ दिवस गाडी चालली. दहाव्या दिवशी मेकॅनिकने सांगितलं, टाकीच नाही. त्या क्षणाला बंद पडली.

हेडक्लार्क : कळेपर्यंत चालली.

मामा : मग! तिचा विश्वास होता.

मॅडम : मग दुपारी कुठे लावता?

मामा : तेच तर सांगत होतो. मॉल. दुसरं तळघर. स्मशानापासून जवळात जवळ तेच, जायला वीस मिनिटं, यायला वीस. तिथे माझ्या मोबाइलवर चौदाशे पॉइंट जमलेत. परवा निरोप आला, "प्रिय ग्राहक, आपल्याला एक कॉफी आणि एक केक मोफत. परिवारासह या." परिवार म्हणजे पुढच्या तीन सीटवरचे आणि मागे एक आडवा.

हेडक्लार्क : मामा!

मामा : मॅडम हसत नाहीत म्हणून म्हटलं, थोडं जास्त करून बघावं.

मॅडम : माझ्यावर जाऊ नका. मला सध्या कशाचंच काही वाटत नाही. हेडक्लार्क, स्मशानाची जागा पहिल्या मोजणीत होती ना?

हेडक्लार्क : होती. चाळीस जागांत होती. पुढे गळली.

मामा : गळली म्हणजे? कुणी गाळली?

हेडक्लार्क : कुणी नाही. नियमाने गळली. सांगतो तुम्हाला सोप्या भाषेत. चाळीस जागांवर आपण चाळीस माणसं बसवली, आठ-आठ दिवस. त्यांनी येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहिले. जी गाडी आठ दिवसांत पुन्हा आली, तिला एक गुण. म्हणजे ती जागा लोकांच्या नेहमीच्या वहिवाटीची आहे, असं समजायचं. ज्या जागेला गुण जास्त, तिथे स्टेशन.

मामा : आणि स्मशानाला?

हेडक्लार्क : शून्य. आठवड्यात दोनदा येईल असं कोण?

मामा : मी.

हेडक्लार्क : तुम्ही एकसष्ट वेळा आलात. पण तुमची सरकारी गाडी. सरकारी गाडी मोजायची नाही, असा नियम आहे. शिवाय दुसरा रकाना होता, "थांबण्याच्या वेळेत करण्याजोगं काय". खरेदी, खाणं, करमणूक. त्यात स्मशानापुढे "निरंक" पडलं.

मामा : करमणूक निरंक? मी तिथे एकोणीस वर्षं उभा आहे!

हेडक्लार्क : ते रकान्यात बसत नाही.

मामा : बरं, मॉलला किती गुण पडले?

हेडक्लार्क : सगळ्यात जास्त. चारशे सात. म्हणून तर तिथे आणखी चार चार्जर बसतायत. पहिली टिकली तीच.

मामा : आणि त्या चारशे सात गाड्या मॉलला सारख्या का येतात?

हेडक्लार्क : का म्हणजे… येतात.

मामा : तिथे चार्जर आहे म्हणून येतात हो! माझ्यासारख्याच. प्लग आहे म्हणून गाड्या, आणि गाड्या आहेत म्हणून आणखी प्लग. ज्याच्या ताटात आहे त्यालाच वाढायचं, आणि वर म्हणायचं, बघा याला भूक किती!

मॅडम : बरोबर आहे.

हेडक्लार्क : काय बरोबर आहे, मॅडम?

मॅडम : मोजणीत चूक आहे. महिन्याभरापूर्वी माझ्या लक्षात आलं होतं. मग घरी गडबड झाली, आणि राहिलं.

हेडक्लार्क : चूक म्हणू नका. पद्धत म्हणा. पद्धत मंजूर आहे.

मामा : आणि दुसरं सांगू? तिथे वीज कमी नाही. विद्युतदाहिनी आहे. एवढी जाड लाइन, माझ्या मांडीएवढी, फाटकाजवळच्या भिंतीतून आत गेली आहे. आत माणूस जळतो एवढी वीज आहे, आणि बाहेर गाडी चालेल एवढी नाही?

मॅडम : लाइन आहे. मला माहीत आहे. पण आज नाही होणार, मामा. यादी झाली. एक जागा बदलायची तर मूळ मोजणीचा कागद जोडावा लागतो, आणि मूळ मोजणीत शून्य आहे. पुढच्या वर्षी अर्ज करा. मी असेन नसेन, पण अर्ज करा.

मामा : पुढच्या वर्षी.

मॅडम : हो.

मामा : बरं. मग चहा तरी सांगा. रिकाम्या हाताने परत जातो, रिकाम्या पोटाने नको.

हेडक्लार्क : चहा येतोय. आणि मामा, तुमचं समाधान व्हावं म्हणून तो कागदही दाखवतो, म्हणजे बाहेर जाऊन "आम्हाला मोजलंच नाही" असं सांगत फिरू नका. हे बघा, जागा क्रमांक एकतीस. आठ दिवसांचे आठ कागद, वेळेसकट. अक्षर तर बघा, छापल्यासारखं. गणकाची सही… हं. मॅडम, असू दे. फाइल नंतर बघू.

मॅडम : का?

हेडक्लार्क : नाही, उशीर होतोय. पाकीट करायचं आहे.

मॅडम : गणक माझे वडील होते. मला माहीत आहे. मीच बसवलं होतं त्यांना. निवृत्त माणसं हवी होती, आणि ते घरी बसून फरशा मोजत होते. सगळ्यांत सावलीची जागा म्हणून ती दिली. द्या इकडे.

हेडक्लार्क : मॅडम, पंधराच दिवस झालेत. मी तेव्हाच म्हणत होतो, तुम्ही चांगली महिनाभर रजा घ्या. चौथ्या दिवशी कुणी कामावर येतं का?

मॅडम : घरी काय करू? तिथे सगळे येऊन विचारतात, रडलीस का. मी म्हणते, अजून नाही. जसं काही डॉक्टरांनी दिवसातून तीनदा सांगितलंय आणि माझं राहूनच जातंय.

मामा : मी त्यांना ओळखत होतो.

मॅडम : कुणाला?

मामा : तुमच्या वडिलांना. आम्ही त्यांना टाइमकीपर म्हणायचो. बस डेपोत पस्तीस वर्षं टाइमकीपर होते ना? आठ दिवस फाटकाजवळच्या बाकावर बसलेले. मांडीवर पॅड, पेनला दोरी, आणि घड्याळ असं मनगटाच्या आतल्या बाजूला. मी येताजाता गप्पा हाणायचो. पण त्यांच्यापुढे माझं एक चालायचं नाही. मी आपला सांगतोय, एकदा काय झालं टाइमकीपर, गाडी बंद पडली आणि मी तिला वाऱ्यावर पंधरा किलोमीटर आणली. ते घड्याळ बघून म्हणाले, "मामा, तुम्ही इथून गेलात दहा चाळीसला. आलात अकरा पाचला. एवढ्या वेळात वारा सुटूनही पोहोचत नाही."

मॅडम : हो. असंच बोलायचे.

मामा : माझ्या गोष्टींवर शहरात कुणी विश्वास ठेवत नाही. पण खोट्याला वेळ लावून दाखवणारा तो एकच माणूस भेटला. नवव्या दिवशी बाक रिकामा बघून मला सुचेना. त्या दिवशी मी कुणालाही थाप मारली नाही.

मॅडम : इथे शेऱ्यात काहीतरी लिहिलंय.

हेडक्लार्क : शेऱ्याचा रकाना संगणकात जात नाही, मॅडम. फक्त आकडे जातात.

मॅडम : "सहावा दिवस. शववाहिका ११.४० ला आली. १२.१० ला चार्जिंगसाठी मॉलकडे गेली. १.३५ ला परत. तोपर्यंत पुढच्या घरच्यांचा फोन तीनदा आला, चौकीदाराने उचलला." "सातवा दिवस. शववाहिका २.०५ ला मॉलकडे. बाकावर चार माणसं थांबून. त्यांना इथे काही काम नाही, पण ती जात नाहीत." "आठवा दिवस. वरीलप्रमाणे. गाडी सरकारी असली तरी आतला माणूस सरकारी नाही, हे कृपया पाहावं."

हेडक्लार्क : असं लिहिलंय?

मॅडम : तुम्हीच वाचा.

हेडक्लार्क : मी आकडे तेवढे चढवले. आम्हाला तसं सांगितलं होतं.

मॅडम : मीच सांगितलं होतं. त्यांनी मला तोंडीही सांगितलं होतं. जेवताना. म्हणाले, "अगं, तिथे एक गाडी सारखी येते, तिला मोजू का?" मी म्हटलं, "बाबा, सरकारी गाडी मोजायची नसते." ते म्हणाले, "बरं."

मामा : मग?

मॅडम : मग काही नाही. बातम्या बघितल्या आणि झोपलो.

मामा : पाचला वीस कमी आहेत. निघतो मी. चहा कुणीतरी दुसऱ्याने घ्या.

मॅडम : बसा, मामा. एक विचारायचं आहे.

मामा : विचारा ना.

मॅडम : माझ्या वडिलांना हॉस्पिटलमधून घरी तुम्हीच आणलंत. अकराला येणार होतात. आलात बारा वाजायला पाच कमी असताना. सगळी बिल्डिंग खाली उभी होती. माझा भाऊ रस्त्यावर जाऊन जाऊन बघत होता. तुम्ही उतरलात आणि म्हणालात, रस्ता बंद होता.

मामा : होता ना. काय सांगू मॅडम, भर चौकात एक क्रेन आडवी, तिच्यावर दुसरी क्रेन, आणि त्या दोघींना उचलायला तिसरी आलेली—

मॅडम : त्या दिवशी कुठलाही रस्ता बंद नव्हता. वाहतुकीचा नकाशा माझ्या या कॉम्प्युटरवर चोवीस तास उघडा असतो. कामावर आले त्याच दिवशी मी त्या सकाळची नोंद काढून बघितली. हॉस्पिटल ते घर, सगळे रस्ते हिरवे होते. अकरा दिवस मला माहीत आहे. विचारायला यावं, एवढं काही वाटलं नाही. आता तुम्हीच आला आहात, म्हणून विचारते. कुठे होतात?

मामा : राहू द्या, पोरी.

हेडक्लार्क : मॅडम आहेत त्या.

मॅडम : कुठे होतात, मामा?

मामा : मॉलमध्ये.

हेडक्लार्क : अरे देवा.

मामा : सकाळी पहिलीच फेरी शहराबाहेरची लागली. तिथून हॉस्पिटलला आलो तेव्हा काट्यावर अकरा टक्के. तुमचे भाऊ म्हणाले, मी कागद घेऊन पुढे होतो, तुम्ही मागून या. जोडीदार रजेवर. निघालो. पुलाच्या अलीकडे सहा टक्के, आणि गाडी आपोआप हळू झाली. ती सहावर आली की तसंच करते, आजारी माणसासारखी. पूल चढला असता तर मधोमध बंद पडली असती. मग भर पुलावर, चहूबाजूंनी हॉर्न, आणि चार परके लोक मागून ढकलतायत… ते मला नको होतं. पुलाखालून वळलो. वळून मॉल.

हेडक्लार्क : पण दुसरी गाडी मागवायची ना!

मामा : दुसरी गाडी कुठली? दोनच आहेत. दुसरी त्याच मॉलला चार्ज होऊन तिच्या फेरीवर निघून गेली होती. मी तिच्यामागे पंधरा मिनिटांनी पोहोचलो. तिथे सगळे प्लग भरलेले, कडेच्या प्लगवर एक लाल गाडी. तिचे मालक कपडे बघत होते. वाट बघितली. ते आले, पिशव्या ठेवल्या, आरशात केस नीट केले, निघाले. मग मी लावली.

मॅडम : तुम्हाला माहीत होतं आत कोण आहे?

मामा : नव्हतं. मी कागदावरचं नाव कधी वाचत नाही. वाचलं की हात जड होतात. पण तळघराच्या उतारावर गाडी हलली, चादर जराशी सरकली, आणि काचेतून मनगट दिसलं. आतल्या बाजूला घड्याळाचा पांढरा चट्टा. असं घड्याळ बांधणारा मला आयुष्यात एकच भेटला होता.

मॅडम : मग रस्ता बंद होता असं का सांगितलंत?

मामा : काय सांगणार होतो? खाली साठ माणसं. तुमचे भाऊ, तुम्ही. "साहेब, तुमचे वडील मॉलच्या दुसऱ्या तळघरात होते, मोटारींच्या रांगेत, वरती सेल लागला होता" — असं? इतकी वर्षं थापा मारतोय, एक तरी कामाची असावी.

मॅडम : हेडक्लार्क, मॉलच्या टिकलीत चार चार्जर आहेत ना?

हेडक्लार्क : चार. मंजूर. साहेबांच्या टिपणीसह.

मॅडम : तीन करा. एक स्मशानाच्या फाटकाशी घ्या. मोठा, झटपट चार्ज करणारा.

हेडक्लार्क : मॅडम, पाचला पंधरा मिनिटं आहेत.

मॅडम : टाइप करायला पाच लागतात.

हेडक्लार्क : साहेब विचारतील. मॉलचं उद्घाटन त्यांनी स्वतः ठरवलंय. आणि हे तुमच्या घरचं प्रकरण म्हणतील लोक. मी म्हणत नाही, लोक म्हणतील. तुमची बढतीची फाइल त्यांच्याच टेबलावर आहे.

मॅडम : असू दे.

हेडक्लार्क : कारण काय लिहू? कारणाचा रकाना रिकामा गेला तर यादीच परत येईल.

मॅडम : लिहा. "विद्युतदाहिनीची उच्चदाब लाइन फाटकापासून बारा मीटरवर उपलब्ध. नवीन ट्रान्सफॉर्मर लागत नाही. मोजणीपत्रक एकतीस, शेऱ्याचा रकाना, सोबत जोडला आहे."

हेडक्लार्क : शेरा जोडायचा?

मॅडम : तिन्ही दिवसांचा. झेरॉक्स नको, मूळ कागद.

हेडक्लार्क : मूळ कागद दिला तर तो साहेबांकडेच राहील, मॅडम. परत मिळत नाही कधी. त्यांचं अक्षर आहे ते. तुम्हाला घरी ठेवायला…

मॅडम : त्यांनी तो कार्यालयासाठी लिहिला होता.

हेडक्लार्क : बरं. तारीख कालची टाकू का? म्हणजे मामा आज येऊन गेले, याचा संबंध कुणी जोडणार नाही.

मॅडम : नाही. आजचीच टाका. आणि खाली सही माझी एकटीची. तुमची नको.

हेडक्लार्क : माझी नको कशी? मीच आकडे चढवले ना. दोन सह्या असतात त्या कागदावर. दोन होतील.

(हेडक्लार्क फाइल छातीशी धरून बाहेर जातो. बाहेर टाइप करण्याचा आवाज सुरू होतो. मॅडम नकाशाजवळ जाऊन उभ्या राहतात. टिकल्यांच्या कागदावरून एक नवी टिकली निघते, तिचा डिंक बोटाला लागून राहतो.)

मामा : मॅडम, मी खरं म्हणजे ते सांगायला आलो नव्हतो.

मॅडम : माहीत आहे.

मामा : नुसती जागा मागायला आलो होतो. ते पोटातच ठेवणार होतो. तुम्ही तो नकाशाचा हिरवा रंग काढलात म्हणून.

मॅडम : फाटक नेमकं कुठल्या बाजूला? इथे, की रस्त्याच्या वळणावर?

मामा : अलीकडे. तिथे. हां. बाक आहे त्याच्या डाव्या हाताला. पण बाकाच्या अगदी जवळ नको. गाडी आली की बसलेले उठून उभे राहतात. त्यांना बसू दे.

मॅडम : इथे?

मामा : इथे. ठीक.

मॅडम : साहेब कदाचित खोडतील हे.

मामा : खोडतील. मग मी परत जिने चढेन. तुम्हाला थापा ऐकवेन.

मॅडम : मामा, लाल गाडी निघाल्यावर तुम्हाला किती वेळ लागला?

मामा : अडतीस मिनिटं. मोजली. टाइमकीपर बरोबर होते, त्यामुळे अंदाजाने सांगायची सोय नव्हती.

मॅडम : तिथे दुसऱ्या तळघरात हवा नसते. मी तपासणीला गेले होते एकदा. पाच मिनिटांत कपडे अंगाला चिकटले.

मामा : भट्टीच आहे.

मॅडम : थंड पेटी चालू होती? खरं सांगा.

मामा : नव्हती. पेटी चालू ठेवली की जेवढी वीज येते तेवढी तीच पिते. तास-सव्वा तास गेला असता. तुम्ही सगळे खाली उभे. म्हणून पेटी बंद केली. त्याचा मला फार… नाही, बंद केली मी. हो.

मॅडम : मग बंद काचेत होते?

मामा : छे! असं कसं ठेवीन? मागचं दार उघडलं. काच वर घेतली. माझ्याकडे सकाळचं वर्तमानपत्र होतं, त्याची चौघडी केली आणि शेजारी बसून वारा घालत राहिलो. एक बाई पिशव्या घेऊन चालल्या होत्या, थांबल्या. म्हणाल्या, "आजोबांना बरं नाही का?" मी म्हटलं, "प्रवासाने दमलेत." त्या म्हणाल्या, "वरती आत गार आहे, तिकडे न्या ना." चांगल्या होत्या बिचाऱ्या.

मॅडम : आणि तुम्ही वारा घालत होतात.

मामा : हो.

मॅडम : सगळी अडतीस मिनिटं?

मामा : मधे एकदा हात बदलला.